विद्यार्थ्यांची निद्रा कशी मोजावी? : वैद्यकीय व शुश्रूषा शाखांच्या विद्यार्थ्यांतील निद्रागुणवत्तेचे मापन

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहेत. आहाराविषयी आपण वैद्य रुग्णाला दहा प्रश्न विचारतो. निद्रेविषयी मात्र बहुधा एकच. "झोप कशी आहे?" आणि रुग्ण म्हणतो, "ठीक आहे." केसपेपरवर 'निद्रा – प्राकृत' अशी नोंद होते व आपण पुढे जातो. हाच प्रश्न आयुर्वेद महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला, परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनीला किंवा आंतरवासीयता करणाऱ्या नवोदित वैद्याला विचारला, तर उत्तर तेच येते. परंतु ते उत्तर विश्वसनीय असतेच असे नाही, हे दाखवून देणे व निद्रेचे मापन कसे करावे याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आम्ही निवडला त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, गेल्या काही वर्षांत पदव्युत्तर प्रबंधांत निद्रेवरील औषधी प्रयोगांची संख्या वाढली असून त्यांत पाश्चात्त्य प्रश्नावलींचा वापर सर्रास होतो. मात्र त्यांचे गुणांकन पुष्कळदा चुकीचे असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हे विद्यार्थी केवळ विद्यार्थी नसतात. रात्रपाळीत सलाईनचा वेग तेच लावतात, इंजेक्शनची मात्रा तेच भरतात. त्यांच्या अनिद्रेची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागू शकते.

१९८४ साली न्यूयॉर्क येथील एका रुग्णालयात लिबी झायन या अठरा वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर दीर्घकाळ सलग कामावर होते, हा मुद्दा त्या प्रकरणात पुढे आला. त्यातूनच न्यूयॉर्क राज्यात १९८९ मध्ये निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्यास ८० तासांची मर्यादा आली व २००३ पासून ती अमेरिकेत सर्वत्र लागू झाली. २००४ मध्ये बोस्टन येथील अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासात, पारंपरिक दीर्घ पाळ्या करणाऱ्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या हातून, कमी तासांच्या पाळ्या करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडल्याचे आढळले. आपल्याकडेही राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांच्या मर्यादेची शिफारस केली. शिफारस व अंमलबजावणी यांतील अंतर वाचकांना सांगावयास नको.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या निद्रेविषयी बोलायचे, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात अनेक देशांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली असता सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांची निद्रा हीन दर्जाची ठरली. 'हीन दर्जाची' म्हणजे काय, हे कोणी व कसे ठरवले? येथूनच मापनाचा प्रश्न सुरू होतो.

पिट्सबर्ग निर्देशांक

निद्रेचे सर्वांत अचूक मापन म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. त्यात मेंदूतील विद्युत्‌लहरी, नेत्रगती, स्नायूंचा ताण व श्वसन यांची रात्रभर नोंद होते. दोनशे विद्यार्थ्यांवर ही तपासणी करणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडणारे नाही. मनगटावर बांधावयाचे अ‍ॅक्टिग्राफ हे उपकरण त्याहून सोयीचे, पण निश्चल पडून जागे राहणारा मनुष्य त्याला झोपलेलाच वाटतो. हल्लीच्या मनगटी घड्याळांची व मोबाइलमधील अ‍ॅपची गतही थोडीफार तशीच. म्हणून जगभर प्रश्नावलीचा मार्ग रूढ झाला. त्यांत सर्वाधिक वापरला जाणारा म्हणजे पिट्सबर्ग निद्रागुणवत्ता निर्देशांक. डॅनियल बायसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे स्वामित्वहक्क पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आहेत, हे प्रबंधकर्त्यांनी ध्यानात ठेवावे व रीतसर अनुमती घेऊनच तो वापरावा.

या प्रश्नावलीत गेल्या एक महिन्याविषयी १९ प्रश्न असतात. त्यांची उत्तरे विद्यार्थी स्वतः देतो. आणखी पाच प्रश्न खोलीत सोबत झोपणाऱ्या व्यक्तीसाठी असतात, पण त्यांचे गुण धरले जात नाहीत. १९ प्रश्नांतून सात घटक तयार होतात : निद्रेविषयी स्वतःचे मत, झोप लागण्यास लागणारा वेळ, झोपेचे तास, झोपेची कार्यक्षमता, झोपेतील व्यत्यय, झोपेसाठी घेतलेले औषध व दिवसा होणारा परिणाम. प्रत्येक घटकाला शून्य ते तीन गुण. एकूण गुण शून्य ते २१. येथे गुण जितके अधिक तितकी निद्रा वाईट. परीक्षेतील गुणांच्या उलट. पाचपेक्षा अधिक गुण आल्यास निद्रा हीन समजतात. मूळ अभ्यासात या सीमारेषेने हीन निद्रा असणाऱ्यांपैकी ८९.६ टक्के व चांगली निद्रा असणाऱ्यांपैकी ८६.५ टक्के व्यक्ती बरोबर ओळखल्या गेल्या. मात्र तो अभ्यास निरोगी ५२, विषण्णतेने ग्रस्त ५४ व निद्राविकाराच्या ६२ अशा व्यक्तींवर झाला होता. वसतिगृहातील वीस वर्षांच्या मुलामुलींवर नव्हे. 'पाच' हा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो चाळणीचा आकार आहे.

गुणांकनात जिथे हमखास घोटाळा होतो ती जागा उदाहरणाने स्पष्ट करतो. उदाहरण काल्पनिक आहे. एक विद्यार्थिनी रात्री साडेअकराला अंथरुणावर पडते, झोप लागण्यास ४५ मिनिटे लागतात, सकाळी साडेसहाला उठते, प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. अंथरुणातील एकूण काळ सात तास. साडेपाच भागिले सात, गुणिले शंभर, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ७९ टक्के. ८५ व त्यावर शून्य, ७५ ते ८४ ला एक, ६५ ते ७४ ला दोन, त्याखाली तीन. म्हणून येथे एक गुण. झोपेच्या तासांचा घटक : सातपेक्षा अधिक तासांना शून्य, सहा ते सातला एक, पाच ते सहाला दोन, पाचपेक्षा कमीला तीन, म्हणून दोन.

झोप लागण्याचा घटक मात्र दोन प्रश्नांचा मिळून बनतो, आणि प्रबंधांतील चुका बहुधा येथेच होतात. १५ मिनिटांपर्यंत शून्य, ३० पर्यंत एक, ६० पर्यंत दोन, त्यापुढे तीन. ४५ मिनिटांचे झाले दोन. 'अर्ध्या तासात झोप लागली नाही असे किती वेळा झाले?' या दुसऱ्या प्रश्नाला तिने 'आठवड्यातून तीन वा अधिक वेळा' असे उत्तर दिले, त्याचे तीन. बेरीज पाच. ही बेरीज तशीच लिहायची नसते. एक-दोनला एक, तीन-चारला दोन व पाच-सहाला तीन असे तिचे पुन्हा रूपांतर करावयाचे असते. म्हणून घटकगुण तीन. व्यत्ययाच्या घटकातही असेच आहे. नऊ उपप्रश्नांची बेरीज एक ते नऊ असल्यास घटकगुण एकच. या विद्यार्थिनीची बेरीज सहा धरू, गुण एक. स्वतःचे मत 'बरेचसे वाईट', गुण दोन. दिवसा जागे राहण्यात आठवड्यातून एक-दोनदा अडचण व उत्साहाचा अभाव मध्यम, दोन अधिक दोन चार, घटकगुण दोन. औषध 'घेत नाही', शून्य. एकूण ११.

आता तिला विचारावे, "रात्री दुधातून काही घेतेस का?" ती म्हणेल, "अश्वगंधा चूर्ण घेते, आठवड्यातून चार दिवस तरी." प्रश्नावलीत डॉक्टरांनी दिलेले अथवा दुकानातून आपणहून घेतलेले, दोन्ही प्रकारचे औषध अभिप्रेत आहे. झोप यावी म्हणून घेतलेले अश्वगंधा, जटामांसी, तगर वा ब्राह्मीचे योग त्यात धरलेच पाहिजेत. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा म्हणजे तीन गुण. एकूण ११ चे १४ झाले. आयुर्वेदाचे विद्यार्थी चूर्णाला औषधच समजत नाहीत, हा आपल्या शाखेतील सर्वेक्षणांचा खास दोष आहे. नुसते दूध धरावे की न धरावे? चरकांनी महिषीक्षीराला निद्राजनक द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे, तेव्हा वाद घालता येईल. आमच्या मते नुसते दूध आहारात धरावे, द्रव्ययुक्त दूध औषधात. परंतु जे ठरेल ते सर्वेक्षणापूर्वी लिहून ठेवावे.

एकच बेरीज, दोन निराळे विद्यार्थी

आणखी दोन काल्पनिक विद्यार्थी घेऊ. पहिला रात्री दीडला झोपतो, पडताक्षणी झोप लागते, साडेसहाला घड्याळाच्या गजराने उठतो. झोप पावणेपाच तास; कार्यक्षमता ९५ टक्के. गुण : मत एक, झोप लागणे शून्य, तास तीन, कार्यक्षमता शून्य, व्यत्यय एक, औषध शून्य, दिवसाचा परिणाम तीन. एकूण आठ. दुसरा साडेदहाला पडतो, साडेसहाला उठतो, पण तासाहून अधिक वेळ कूस बदलत राहतो व सव्वासहा तास झोपतो. कार्यक्षमता ७८ टक्के. मत दोन, झोप लागणे तीन, तास एक, कार्यक्षमता एक, व्यत्यय एक, औषध शून्य, दिवसाचा परिणाम शून्य. एकूण आठ.

सर्वेक्षणाच्या तक्त्यात हे दोघे एकाच रकान्यात बसतील. वैद्याच्या दृष्टीने मात्र ते दोन निरनिराळे रुग्ण आहेत. दुसऱ्याला निद्रानाश आहे; त्याच्या बाबतीत वातवृद्धी, चिंता, सायंकाळचा चहा यांचा विचार करावा, अभ्यंग, पादाभ्यंग, शिरोलेप, मनाला सुख देणारे शब्द व गंध ही चरकोक्त चिकित्सा लागू पडेल. पहिल्याला निद्रानाश नाहीच. त्याला रात्रिजागरण आहे. त्याची निद्रा उत्तम आहे, तिला वेळच मिळत नाही. त्याला निद्राजनक औषध देणे म्हणजे भुकेल्याला दीपन-पाचन देण्यासारखे आहे. औषधालयाच्या मालकांनी हा भेद विशेषेकरून ध्यानी घ्यावा, कारण परीक्षेच्या हंगामात 'शांत झोपेची गोळी' मागण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांत पहिल्या प्रकारचे पुष्कळ असतात. काउंटरवर दोनच प्रश्न पुरतात : किती वाजता झोपता, आणि पडल्यावर किती वेळाने झोप लागते? पडताक्षणी झोप लागत असेल, तर विकण्यासारखे आपल्याकडे काही नाही.

याच ओघात एक गोष्ट. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम इत्यादी द्रव्ये १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. आपल्या बाजूलाही पारसीक यवानी, भांग, अहिफेन ही द्रव्ये अनुसूची ई-१ मध्ये आहेत व त्यांचे योग वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' असे सांगून अशा द्रव्यांचा योग विद्यार्थ्याच्या हाती देणे सर्वथा अयोग्य होय.

प्रश्नावली जे विचारत नाही

पिट्सबर्ग निर्देशांक केवळ रात्रीच्या झोपेविषयी विचारतो. दिवास्वापाचा त्यात उल्लेखही नाही. आपल्या विद्यार्थ्यांत तर व्याख्याने संपल्यावर भोजनोत्तर दोन तास झोपणे हा नित्यक्रम. चरकांनी ग्रीष्माखेरीज दिवास्वाप वर्ज्य केला, पण अपवादांची जी यादी दिली तीत अध्ययनाने कृश झालेले व रात्री जागलेले यांचा समावेश आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे आपला विद्यार्थी दोन्ही परींनी अपवादातच मोडतो. वाग्भटाचार्यांनी त्यापुढे जाऊन प्रमाणही सांगितले : सवयीबाहेर जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी, भोजनापूर्वी झोपावे. रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका-विद्यार्थिनी प्रत्यक्षात काय करते? मेसमध्ये भरपेट नाश्ता करून मग झोपते व दुपारी जड डोक्याने उठते. सर्वेक्षणात 'दिवसा किती वेळ झोपलात, भोजनापूर्वी की नंतर?' एवढे दोन प्रश्न आपण जोडले, तर पाश्चात्त्य अभ्यासांत नसलेली माहिती हाती येईल. मात्र त्यांचे गुण मूळ २१ मध्ये मिसळू नयेत. ते स्वतंत्र नोंदवावेत. मूळ प्रश्नावलीत भर घातली की इतरांशी तुलनाच संपते.

पाळ्या बदलणाऱ्यांसाठी तर हा निर्देशांक अपुराच पडतो. 'गेल्या महिन्यात साधारणतः किती वाजता झोपलात?' या प्रश्नाचे उत्तर, महिन्यात दोन आठवडे रात्रपाळी केलेल्या मुलीने काय द्यावे? अशांकडून चौदा दिवसांची निद्रानोंद घ्यावी. रोज सकाळी पाच ओळी लिहिणे कोणालाही जमते.

दिवसाची सुस्ती मोजण्यासाठी मेलबर्न येथील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये दिलेले एपवर्थ मापक सोबत वापरता येते. बसून वाचताना, वाहनात प्रवासी म्हणून तासभर बसले असता, दुपारी आडवे झाल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव शून्य ते तीन गुणांनी सांगावयाचा. एकूण २४; दहापेक्षा अधिक गुण म्हणजे सुस्ती अधिक. सुश्रुतांनी शारीरस्थानात तंद्रा व क्लम यांत जो भेद केला आहे त्याची येथे आठवण होते. इंद्रियांनी विषय नीट न ग्रहण करणे, गौरव, जृंभा ही तंद्रा. श्रमावाचून थकवा हा क्लम. एपवर्थ मापक तंद्रेच्या जवळ जाते, पिट्सबर्ग निर्देशांकातील उत्साहाचा प्रश्न क्लमाच्या. दोन्ही एकच आहेत असा दावा मात्र आम्ही करत नाही.

आणि सर्वांत मोठी मर्यादा. २००३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना सलग १४ रात्री केवळ सहा तास वा त्याहून कमी अंथरुणात राहू दिले. त्यांच्या अवधानाची घसरण पूर्ण जागरणाच्या एक-दोन रात्रींइतकी झाली. त्यांना स्वतःला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर आपण विशेष सुस्तावलो आहोत असे वाटेनासे झाले. 'मला पाच तास पुरतात' असे सांगणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याची मोजपट्टीच आखडलेली असते. म्हणून 'स्वतःचे मत' या घटकाला शून्य व 'तास' या घटकाला तीन गुण असा विद्यार्थी दिसला, की आम्ही त्याच्याकडे अधिक लक्ष देतो. वाग्भटांनी निद्रानाशाची म्हणून दिलेली लक्षणे, म्हणजे अंगमर्द, शिरोगौरव, जृंभा, ग्लानी, भ्रम व अपक्ती, अशा वेळी एकेक करून विचारावीत. विशेषतः अपक्ती. झोप ठीक म्हणणारा विद्यार्थी पोटाची तक्रार सहज सांगतो.

सर्वेक्षण करू इच्छिणाऱ्यांसाठी

संस्थेच्या नैतिकता समितीची अनुमती प्रथम घ्यावी. आपल्याच वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून शिक्षकाने नावानिशी अर्ज भरून घेऊ नयेत; अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्यांना कोणी 'रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहतो' असे लिहून देत नाही. नमुन्याच्या आकारासाठी रूढ सूत्र, चार गुणिले पी गुणिले क्यू भागिले एलचा वर्ग, वापरावे. हीन निद्रेचे प्रमाण ५० टक्के धरून दहा टक्क्यांची चूक चालणार असेल तर १०० विद्यार्थी पुरतात. पाच टक्के हवी असेल तर ४०० लागतात. महिना विचारपूर्वक निवडावा. विद्यापीठ परीक्षेच्या महिन्यातील आकडा वर्षभराचा म्हणून छापू नये. विदर्भात मे महिन्यात 'फार उकाडा वाटला' या उपप्रश्नाला सगळेच तीन गुण देणार, व डासांचा उपद्रव 'अन्य कारण' या ओळीत लिहावा लागणार, हेही ध्यानी असावे.

प्रकृतिपरीक्षण जोडावयाचे असल्यास ते दुसऱ्या वैद्याने, निद्रेचे गुण न पाहता करावे. येथे आपल्या विद्यार्थ्यांची एक वेगळीच अडचण आहे. वातप्रकृतीची निद्रा अल्प असते हे त्याने पहिल्या वर्षीच पाठ केलेले असते, आणि स्वतःला वातप्रकृती समजणारा विद्यार्थी पाठांतराप्रमाणे उत्तरे देतो. शक्य असल्यास प्रकृतीची प्रश्नावली निद्रेच्या प्रश्नावलीनंतर निदान आठवड्याने द्यावी.

दहा-बाराच्या वर गुण आलेल्या विद्यार्थ्याला आकडा सांगून सोडून देऊ नये. मध्यरात्री वा पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, त्याबरोबर उदासीनता व अभ्यासातील रस जाणे असे असेल, तर त्याच दिवशी त्याच्याशी एकांतात बोलावे व मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर छापून ठेवावा, म्हणजे ज्याने नाव लिहिलेले नाही त्याच्याही हाती तो राहतो. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा विद्यार्थी निराळा काढावा. त्याला निद्राजनक द्रव्य देण्यापूर्वी पॉलिसोम्नोग्राफी करून घेणे श्रेयस्कर.

चिकित्सा दिल्यावर पुन्हा मापन करावयाचे तर चार आठवड्यांच्या आत करू नये, कारण प्रश्नावली गेल्या महिन्याविषयी विचारते व पंधरा दिवसांनी भरल्यास अर्धा काळ औषधापूर्वीचाच मोजला जातो. दुसऱ्या वेळी औषधाच्या घटकाचे तीन गुण आपणच दिलेल्या योगामुळे वाढलेले असतील. तेव्हा तुलना करताना उरलेल्या सहा घटकांची बेरीजही वेगळी दाखवावी.